चोच कोणाचीच वाढली नाही, सरासरी मात्र वाढली

नैसर्गिक निवड तोंडपाठ असलेला विद्यार्थी शोधायला लांब जावं लागत नाही. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. लामार्कचा मान ताणणारा जिराफ आणि डार्विनचं ‘सक्षम तोच टिकतो’ ही दोन्ही उत्तरं गाइडसकट पाठ झालेली असतात. तोच विद्यार्थी एफवायबीएस्सीला आला की त्याला सहज विचारा, जिराफाची मान लांब का झाली? बहुतेकदा उत्तर येतं, ‘उंचावरचा पाला खायची गरज पडली म्हणून.’ व्याख्या डार्विनची, म्हणजे टिकायला उपयोगी फरक ज्यांच्यात आधीच असतो ते जास्त वाचतात; समजूत लामार्कची, म्हणजे गरज आणि प्रयत्नातून अवयव बदलतो.

ही समजूत व्याख्या पुन्हा सांगून जात नाही. आणखी पाच मुद्दे फळ्यावर लिहूनही जात नाही. माझ्या मते ती जाते ती खऱ्या पक्ष्यांच्या खऱ्या मोजमापांचे दोन रकाने हातात दिल्यावर. एका रकान्यात मेलेले, दुसऱ्यात वाचलेले. ‘नैसर्गिक निवड’ हा शब्द त्या तासाला शेवटपर्यंत उच्चारायचा नाही.

यासाठी जगात सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं उदाहरण गॅलापागोस बेटांवरच्या फिंच पक्ष्यांचं आहे आणि ते तितकं गाजण्याच्या लायकीचंही आहे. इक्वेडोर देशाच्या मालकीच्या या द्वीपसमूहात डॅफ्नी मेजर नावाचं एक चिमुकलं बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम ३४ हेक्टर, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबात ८५ एकरांच्या आत-बाहेर. वस्ती नाही, गोडं पाणी नाही. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून तिथल्या फिंचवर काम सुरू केलं आणि पुढे चाळीस वर्षं ते आणि त्यांचे विद्यार्थी दर हंगामाला तिथे जात राहिले. जाळ्यात पक्षी पकडायचा, पायात रंगीत कडी घालायची, वजन करायचं, चोच कॅलिपरने मोजायची, सोडून द्यायचा. बेट इतकं लहान की काही वर्षांत जवळपास प्रत्येक पक्ष्याच्या पायात कडं होतं. कोण कोणाचं पिल्लू, हेही ठाऊक होतं. जंगली प्राण्यांच्या बाबतीत अशी खानेसुमारी जवळजवळ अशक्य असते. म्हणून तर हे आकडे इतके मोलाचे.

आपल्या कामाची फिंच म्हणजे मधल्या चणीची, शास्त्रीय नाव जिओस्पायझा फॉर्टिस. पुढे नुसतं फॉर्टिस म्हणू. जमिनीवर उतरून बिया टिपणारी, वजनाला पंधरा-सोळा ग्रॅमची. तिच्या चोचीचं कुठलं माप घ्यायचं हे आधी नीट सांगावं लागतं, कारण मुलं हमखास लांबी धरून चालतात. इथे महत्त्वाची आहे जाडी, म्हणजे चोचीच्या बुडाशी वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंतचं अंतर. सुपारी फोडायला आखूड, जाडजूड अडकित्ता लागतो, लांब चिमटा उपयोगाचा नाही. बी फोडणाऱ्या चोचीचंही तेच.

१९७७ साली डॅफ्नीवर पाऊस दडी मारून बसला. एरवीच्या बऱ्या वर्षात पावसाळ्यात १३० मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्या वर्षी जेमतेम २४ पडला. झाडं फुलली नाहीत, नवीन बी धरलं नाही. फॉर्टिसनी त्या वर्षी वीणच केली नाही. ही शेवटची गोष्ट फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी, तिचं काम पुढे आहे.

पक्ष्यांनी आधी जमिनीवर पडलेलं मऊ, बारीक बी संपवलं. मग उरलं ते मोठं आणि टणक. त्यातलं मुख्य होतं ट्रिब्युलस नावाच्या वनस्पतीचं बी. मराठी मुलांना हे फळ चित्र काढून दाखवायची गरज नाही, कारण त्याचा सख्खा चुलतभाऊ आपल्या माळरानावर सगळीकडे पसरलेला असतो. सराटा किंवा गोखरू. अनवाणी चालणाऱ्याच्या टाचेत रुततो तो, सायकलचं चाक पंक्चर करतो तोही. वाळलेला सराटा हातात घेऊन बघितला तर तो पाच फाकांत सुटतो. प्रत्येक फाकेला काटे, कवच लाकडासारखं आणि आत दडलेल्या थोड्याशा बिया. नखाने उघडायचा प्रयत्न करून पाहावा. नख तुटतं, सराटा उघडत नाही. डॅफ्नीवरच्या जाड चोचीच्या फॉर्टिस ही फाक चोचीत धरून तिची एक बाजू मोडतात आणि आतलं बी काढतात. बारीक चोचीच्या फॉर्टिसना ते जमत नाही. अशा दिवसांत एकाच जातीच्या दोन पक्ष्यांमध्ये अर्ध्या-एक मिलिमीटरचा फरक हा पोटापाण्याचा प्रश्न होतो. जमलं तर वर्गात सराटे न्यावेत. दहा मिनिटांत जे कळतं ते स्लाइडवरच्या फोटोतून कळत नाही.

वर्षभरात फॉर्टिसची संख्या सुमारे १२०० वरून १८० च्या घरात आली. जवळपास ८५ टक्के पक्षी गेले. दुष्काळाआधी मोजलेल्या ६४२ पक्ष्यांच्या चोचीची सरासरी जाडी होती ९.४२ मिलिमीटर. दुष्काळातून वाचलेल्या, मोजमाप हाताशी असलेल्या ८५ पक्ष्यांची सरासरी ९.९६. पीटर बोग या तेव्हाच्या संशोधक विद्यार्थ्याने पीटर ग्रँट यांच्यासोबत हे आकडे १९८१ साली प्रसिद्ध केले.

इथे थांबायचं आणि मुलांना एका वाक्यात लिहायला सांगायचं, काय झालं? बरीचशी वाक्यं अशी येतात, ‘दुष्काळामुळे पक्ष्यांच्या चोची जाड झाल्या.’ हे वाक्य चुकलंय असं लगेच म्हणू नये. फळ्यावर पाच पक्षी काढावेत. हे खोटे, हिशेबापुरते. त्यांच्या चोची ८, ९, ९, १०, ११ मिलिमीटर. सरासरी काढा, ९.४. आता आठवाला आणि एक नऊवाला पुसून टाका. उरले ९, १०, ११. सरासरी १०. मग विचारा, यातल्या कोणत्या पक्ष्याची चोच वाढली?

वर्ग गप्प होतो. मग कोणीतरी म्हणतं, ‘कोणाचीच नाही.’ सगळा धडा या एका उत्तरात आहे. पुसणं सोडून आपण काहीच केलं नाही, तरी सरासरी सरकली. डॅफ्नीवर त्या वर्षी वीण झाली नव्हती, म्हणजे नवे पक्षी आले म्हणून आकडा बदलला असंही म्हणता येत नाही. कोपऱ्यात लिहून ठेवलेली ओळ इथे कामी येते. पूर्ण वाढ झालेल्या फिंचची चोच पुढे जाड होत नाही, हेही सांगावं. आता मुलांना आपलं आधीचं वाक्य स्वतःच दुरुस्त करायला लावायचं. ‘जाड चोचीचे जास्त वाचले, म्हणून वाचलेल्यांची सरासरी जास्त.’ गरज, प्रयत्न, इच्छा हे शब्द आपोआप गळून पडतात, कारण ते बसवायला वाक्यात जागाच उरत नाही.

आलेखाबद्दल एक सूचना, कारण इथे गाडी अडते. दुष्काळाआधीच्या आणि नंतरच्या पक्ष्यांचे आयतालेख एकाच मापाच्या अक्षावर काढले की आधीचा डोंगर आणि नंतरचं वारूळ दिसतं. मुलांना एवढंच दिसतं की ‘सगळ्याच मापांचे पक्षी कमी झाले’, आणि ते खोटंही नाही. डोंगराच्या मध्यावर मुळातच जास्त पक्षी असतात, त्यामुळे मेलेलेही तिथेच जास्त आणि वाचलेलेही तिथे पुष्कळ. खरा प्रश्न वेगळा आहे. प्रत्येक मापाच्या गटातले शेकडा किती वाचले? ८ ते ८.५ च्या गटातले किती टक्के, १०.५ ते ११ च्या गटातले किती टक्के? टक्केवारीचा हा तिसरा आलेख काढला की चढ डोळ्यांसमोर उभा राहतो. हे न करता नुसत्या दोन आयतालेखांवर समाधान मानणारे शिक्षक मी पाहिले आहेत, आणि मग मुलं ‘दिसत नाही’ म्हणतात तेव्हा त्यांचं काही चुकत नाही.

यानंतरची पायरी बहुतेक पुस्तकं एका ओळीत उरकतात. निवड झाली म्हणजे उत्क्रांती झाली असं नाही. समजा चोचीची जाडी निव्वळ खाण्यापिण्यावर ठरत असती, लहानपणी भरपूर खाल्लेल्यांची जाड, उपाशी राहिलेल्यांची बारीक. मग जाड चोचीचेच वाचले असते तरी त्यांची पिल्लं पुन्हा ९.४२ च्या आसपासच निघाली असती. एक पिढी दुष्काळात भरडली गेली, एवढंच झालं असतं. तेव्हा आणखी एक माहिती हवी. आईबापांची चोच आणि पिल्लांची चोच यांचा मेळ बसतो का?

बोग आणि ग्रँट यांच्याकडे ही माहिती होती, कारण घरटी ओळखीची होती. आडव्या अक्षावर आईबापांच्या चोचींची सरासरी, उभ्यावर मोठ्या झालेल्या पिल्लांची, प्रत्येक कुटुंबाचा एक ठिपका. ठिपके ढगासारखे विखुरले तर वारसा नाही. तिरक्या रेषेजवळ गोळा झाले तर आहे. फॉर्टिसच्या चोचीच्या जाडीत ते रेषेजवळ गोळा झाले आणि रेषेचा चढ ०.८ च्या आसपास भरला. मुलांना याचा अर्थ असा सांगावा की, आईबाप सरासरीपेक्षा एक मिलिमीटर जाड चोचीचे असतील, तर पिल्लं साधारण ०.८ मिलिमीटर जाड निघतील.

आता हिशेब अगदी साधा. वाचलेले आणि आधीचे यांच्या सरासरीतला फरक ०.५४. त्याला ०.८ ने गुणलं की ०.४३. म्हणजे पुढच्या पिढीची सरासरी सुमारे ०.४३ मिलिमीटरने जास्त असावी असा अंदाज. हे सूत्र मुळात गुरं आणि पिकं सुधारणाऱ्या पैदासकारांचं आहे. रानातल्या पक्ष्याला ते लागू पडतं का, हीच तर परीक्षा होती. १९७८ मध्ये पाऊस आला, वीण झाली. त्या वर्षीच्या पिल्लांच्या चोची दुष्काळाआधीच्या पिढीपेक्षा सुमारे ४ टक्क्यांनी जाड भरल्या. ९.४२ चे ४ टक्के किती होतात, हे मुलांनाच काढू द्यावं. स्वतः बांधलेला अंदाज खऱ्या आकड्याच्या जवळ येतो तेव्हा चेहऱ्यावर जे उमटतं, त्यासाठी हा तास घ्यावा.

वर्गात एखादी चिकित्सक मुलगी असतेच. नसली तर तिचं काम शिक्षकाने करावं. ती विचारते, नर मोठे असतात ना? मग जाड चोचीचे वाचले की नुसते नर वाचले? प्रश्न बिनतोड आहे. फॉर्टिसचे नर मादीपेक्षा मोठे असतात आणि दुष्काळानंतर एका मादीमागे साधारण सहा नर उरले होते. तेव्हा सरासरीतला काही फरक नुसता नर-मादीच्या बदललेल्या प्रमाणातूनही येऊ शकतो. उपाय एकच, नर वेगळे काढून बघायचे. नरांमध्येही मोठ्या चोचीचे जास्त टिकले होते, म्हणजे सगळं श्रेय प्रमाणाला देता येत नाही. दुसरा प्रश्न याहून अवघड. वाचलेल्यांचं वजनही जास्त होतं, मग पक्ष्याला चोचीने वाचवलं की थोराड अंगाने? जाड चोच आणि मोठं शरीर सहसा एकत्रच येतात. हा गुंता सोडवायला पहिल्या वर्षाला न झेपणारं गणित लागतं, पण दोन गोष्टी हातात हात घालून चालत असतील तर खरं कारण कोणतं हे सहज सांगता येत नाही, इतकं कळलं तरी तासाचे पैसे वसूल.

इतकं झालं की एक नवी चूक मूळ धरते. जाड चोच ‘चांगली’, फिंच ‘सुधारतायत’. तिच्यावर उतारा पुढच्या आकड्यांमध्येच आहे. १९८२-८३ मध्ये जबरदस्त एल निन्यो आला, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून हवामान उलटंपालटं झालं. ज्या बेटावर १३० मिलिमीटर म्हणजे बरा पाऊस, तिथे १९८३ मध्ये १३५९ मिलिमीटर कोसळला. वेलींनी बेट झाकून गेलं, सराट्याची झुडपं गुदमरली आणि बारीक, मऊ बियांचा खच पडला. त्यानंतर पुन्हा कोरडी वर्षं आली तेव्हा खायला होतं ते हेच बारीक बी. ते झटपट टिपण्यात जाड, अवजड चोचीचा फायदा नाही, शिवाय मोठ्या शरीराला अन्न जास्त लागतं. या वेळी लहान पक्षी जास्त वाचले आणि बाण उलटा फिरला. लायल गिब्स आणि पीटर ग्रँट यांनी १९८७ मध्ये हे मांडलं. दोन्ही वर्षांचे तक्ते शेजारी-शेजारी ठेवून मुलांना ‘सक्षम’ या शब्दासमोर चोचीचं एकच माप लिहायला सांगा. लिहिता येत नाही.

ज्यांना कच्चा माल पूर्ण हवा, एकेका पक्ष्याची ओळ न् ओळ, त्यांच्यासाठी चिमण्यांची एक जुनी जंत्री आहे. १ फेब्रुवारी १८९८ रोजी अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरात हिमवादळ झालं. हर्मन बंपस या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत गारठलेल्या १३६ चिमण्या आणल्या गेल्या. ७२ जगल्या, ६४ मेल्या. बंपसने सगळ्यांची लांबी, पंखांचा पसारा, वजन, हाडांची मापं घेतली आणि निष्कर्षाबरोबर प्रत्येक चिमणीचे आकडेही छापले. त्या काळात हे दुर्मिळ होतं. जात आपल्या घराच्या वळचणीला घरटं करते तीच. आकडे एक्सेलमध्ये सहज मावतात. गंमत अशी की गेल्या शंभर वर्षांत अनेकांनी हीच जंत्री पुन्हा पुन्हा नव्या पद्धतीने तपासली, आणि बंपसने काढलेला ‘मधल्या मापाचे वाचतात’ हा निष्कर्ष नर आणि माद्या वेगळ्या केल्यावर तसाच उभा राहत नाही. एका बाकावरच्या दोघींची उत्तरं जुळली नाहीत तर त्यांना गप्प करू नये. जाणकारांचंही तेच झालंय.

आपल्याकडचं उदाहरण म्हणून विदर्भातला किंवा नंदुरबारचा सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, नेहमी सुचवला जातो. मलेरियापासून संरक्षणाची ती गोष्ट खरी आहे आणि महत्त्वाचीही. पण पहिल्या तासाला ती नको, असं माझं मत. तिथे जनुकाच्या एका प्रतीचा फायदा आणि दोन प्रतींचा आजार असं दुहेरी गणित येतं. शिवाय वर्गात कोणाच्या घरी तो आजार असू शकतो. फिंच मेल्याचा हिशेब मांडताना कोणाचा जीव दुखावत नाही.

परीक्षेत ‘व्याख्या लिहा’ विचारण्यापेक्षा न पाहिलेली परिस्थिती द्यावी. डॅफ्नीवरचीच एक आहे. २००३ आणि २००४ मध्ये पुन्हा पाऊस ओढला, बेटावर सराटे आहेत, फॉर्टिस आहेत. चोचीची सरासरी कुठे जाईल? १९७७ पाठ केलेला विद्यार्थी डोळे झाकून लिहितो, वाढेल. प्रत्यक्षात ती घटली, तीही चांगलीच. प्रश्नात एक ओळ मुद्दाम ठेवायची. १९८२ पासून मॅग्निरोस्ट्रिस नावाची, फॉर्टिसपेक्षा बरीच थोराड फिंच या बेटावर वीण करू लागली होती आणि २००३ पर्यंत ती शेकड्यांनी झाली होती. सराटे फोडण्यात ती फॉर्टिसपेक्षा कितीतरी तरबेज. तिने सराटे फस्त केले, आणि त्यांवरच अवलंबून असलेल्या जाड चोचीच्या फॉर्टिसची सगळ्यात जास्त उपासमार झाली. बारीक बी खाऊ शकणाऱ्या बारीक चोचींचे त्यातल्या त्यात तगले. ग्रँट दांपत्याने २००६ मध्ये हे आकडे छापले. दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दुष्काळातल्या मेलेल्या आणि वाचलेल्या फॉर्टिसचा डीएनए तपासला गेला, तेव्हा चोचीच्या आकाराशी निगडित एचएमजीए-२ या जनुकाचं लहान चोचीशी जोडलेलं रूप वाचलेल्यांमध्ये जास्त आढळलं.